रात्री नऊच्या चर्चेतले ऐतिहासिक दावे: रविवारच्या क्विझसाठी प्रश्न कसे काढावेत?

नऊची_पट्टी (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या गटात रोज रात्रीची राजकीय चर्चा सगळे बघतात आणि रविवारी त्याच आठवड्यात पॅनेलवर फेकल्या गेलेल्या इतिहासावर वीस प्रश्नांची क्विझ होते. अडचण नेहमीचीच. प्रश्न साधा वाटतो, उत्तरं तीन येतात, आणि तिघांकडेही पुरावा असतो. मग क्विझ बाजूला आणि गटातच पॅनेल चर्चा सुरू.

या रविवारसाठी काढलेले प्रश्न असे:

१. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण?
२. राज्यात राष्ट्रपती राजवट किती वेळा लागली?
३. शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांचं वय किती होतं?
४. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घटनेत कधी आला?
५. पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव किती मतांनी झाला?
६. देशात आणीबाणी किती वेळा लागली?
७. शिवजन्माची तारीख?
८. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे किती?

यातले कुठले ठेवू, कुठले बदलू? दावा पटकन तपासायचा तर कुठे बघायचं? आणि अर्धवट बरोबर उत्तराला गुण द्यायचे का?

---

राजपत्र_वाचक

१, २, ३ माझ्याकडे.

पहिला प्रश्न आहे तसा विचारलात तर मार खाल. १ मे १९६० नंतरच्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, यात वाद नाही. पण ते १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतेच. त्याआधी मुंबई राज्यात मोरारजी देसाई, त्यांच्याआधी बाळासाहेब खेर. आणखी मागे गेलात तर १९३७ च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले धनजीशा कूपर, जुलैपर्यंतच टिकले. त्या वेळी प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत. तेव्हा प्रश्न असा लिहा: ‘१ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री’. कूपर यांचा प्रश्न वेगळा काढा, गटात दोघातिघांनाच येईल.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे ‘कितवे मुख्यमंत्री’. हा प्रश्न कधीही काढू नका. माणसं मोजायची की शपथा? मुख्यमंत्री कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असताना गेले, त्यानंतर वसंतराव नाईकांचा शपथविधी ५ डिसेंबरला. मधले दिवस बाळासाहेब सावंत हंगामी होते. त्यांना धरलं की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. पवार ‘चार वेळा मुख्यमंत्री’ हेही शपथांच्या हिशोबाने: १९७८, १९८८, १९९०, १९९३. १९८८ ते ९१ सलग धरलं तर कारकिर्दी तीनच होतात. चर्चेत दोन प्रवक्ते यावरून भांडतात तेव्हा दोघेही आपापल्या मोजपट्टीने बरोबर असतात आणि निवेदकाला ते सोडवायचं नसतं.

राष्ट्रपती राजवट: तीन वेळा. १७ फेब्रुवारी १९८० (पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार बरखास्त, जूनपर्यंत), २८ सप्टेंबर २०१४ (ऑक्टोबरअखेरपर्यंत), १२ नोव्हेंबर २०१९ (२३ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांपर्यंत). पॅनेलवर बहुतेक वेळा २०१४ विसरतात. निवडणूक तोंडावर होती, राष्ट्रवादीने पाठिंबा काढला, पृथ्वीराज चव्हाणांनी राजीनामा दिला आणि सगळ्यांचं लक्ष जागावाटपात होतं. हा प्रश्न ठेवा, चांगला आहे. फक्त ‘१९६० नंतर’ हे दोन शब्द घाला.

वय: पवारांचा जन्म १२ डिसेंबर १९४०, शपथ १८ जुलै १९७८. पूर्ण वर्षं ३७, चालू वर्ष अडतिसावं. म्हणून ‘अडतिसाव्या वर्षी’ म्हणणारा बरोबर आणि ‘३८ वर्षांचे असताना’ म्हणणारा चूक. प्रश्नात ‘पूर्ण वर्षं’ लिहा, विषय मिटला.

आणि एक जोड. बहुमताचा आकडा १४५ हा पॅनेलवर सगळ्या काळांना लावतात. विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ आणि १९७२ ला २७०, १९७८ पासून २८८. म्हणजे बहुमत आधी १३३, मग १३६, मग १४५. निवडणुकांची वर्षंही बघा: ६२, ६७, ७२ आणि मग एकदम ७८. सत्याहत्तर कुठे गेलं, हा तुमचा नववा प्रश्न. उत्तर सहाव्या प्रश्नात दडलंय, ते कुणीतरी लिहीलच.

---

म्यूट_बटण

तपासण्याआधी दावा नीट पकडायला शिका. निम्मे वाद तिथेच संपतात.

वक्ता बोलला ते वाक्य जसंच्या तसं लिहा, सारांश नको. ‘काँग्रेसने बाबासाहेबांना हरवलं’ आणि ‘काँग्रेसने बाबासाहेबांना संसदेत येऊ दिलं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं तपासता येतं. दुसरं चूक आहे, कारण ते १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेत होते.

वाहिनीच्या चोवीस तास चालणाऱ्या यूट्यूब प्रक्षेपणावर विसंबू नका. बारा तासांपेक्षा लांब थेट प्रक्षेपण आपोआप पूर्ण साठवलं जात नाही, मागे सरकवायची मुभाही ठरावीक तासांचीच. रात्रीचं वाक्य सकाळी शोधायला गेलात की गायब. चर्चेचा स्वतंत्र व्हिडिओ वर चढतो त्याची वाट बघा आणि दुवा देताना सुरुवातीची वेळ जोडून द्या. मध्यरात्रीचं पुनःप्रक्षेपण कापलेलं असू शकतं, त्यातली मिनिटं जुळतीलच असं नाही.

सहा खिडक्या एकदम बोलायला लागल्या की वेग पाऊण करा आणि हेडफोन लावा. आपोआप उमटणाऱ्या मथळ्यांवरून साल उचलू नका, ‘सत्तावन्न’ आणि ‘सत्त्याण्णव’ यात ते सहज घसरतात. खालच्या पट्टीतला आकडा हा वक्त्याचा दावा नसतो, तो डेस्कवरच्या कुणीतरी घाईत टाकलेला असतो. त्याला वेगळा धरा.

---

दोन_मतं

पाचवा प्रश्न. हा टीव्हीवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी समजलेला विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडे आधी. मुंबई शहर उत्तर, १९५१-५२. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१. पण ‘किती मतांनी पराभव’ हे एवढ्यावर सुटत नाही, कारण तो द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक जागा राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचेच विठ्ठल बाळकृष्ण गांधी निवडून आले. मग फरक कुणापासून मोजायचा? प्रश्नात ‘राखीव जागेवरील विजेत्यापेक्षा’ हे शब्द हवेतच.

पहिल्या लोकसभेच्या जागा ४८९, पण मतदारसंघ ४०१. त्यातले ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि उत्तर बंगालचा एक त्रिसदस्य. बेरीज करून बघा, ३१४ अधिक १७२ अधिक ३. ‘४८९ मतदारसंघ’ असं पॅनेलवर कुणी म्हटलं की एक गुण तिथेच कापा.

मतदान कसं व्हायचं? मतदाराला दोन मतं. ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची, दोन्ही एकालाच देता येत नसत. शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. दुसरं मत न देता घरी जाणारेही असत. म्हणून जुन्या निकालांत लोक हमखास चुकतात: सगळ्या उमेदवारांची मतं मिळवतात, मतदारसंख्येने भागतात आणि मतदान भलतंच फुगलेलं निघतं. अशा मतदारसंघात आधी एकूण मतं आणि प्रत्यक्ष मतदान केलेले लोक वेगळे करा, टक्केवारी मग काढा.

निकालाची रीतही वेगळी. राखीव गटातल्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तो राखीव जागेवर विजयी. त्यानंतर उरलेल्या सगळ्यांमध्ये, म्हणजे राखीव गटातले उरलेले धरून, ज्याला सर्वाधिक मतं तो दुसऱ्या जागेवर. त्यामुळे सर्वसाधारण गटातला उमेदवार राखीव जागेच्या विजेत्यापेक्षा जास्त मतं घेऊनही घरी बसू शकतो, आणि दोन्ही जागा राखीव गटातल्यांकडे जाऊ शकतात. हे झालंयही. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले, आणि १९६९ ला राष्ट्रपती झाले. १९६१ ला कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. क्विझला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही, तुमच्या यादीत तो नाही याचंच आश्चर्य.

आता दाव्याची दुसरी बाजू. बाबासाहेब १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले, तोही द्विसदस्य मतदारसंघ होता. राखीव जागेवर काँग्रेसचे बोरकर आले, सर्वसाधारण जागेवर मात्र अशोक मेहता, म्हणजे विरोधी पक्षाचे. ‘काँग्रेसची लाट होती’ म्हणणाऱ्याला हे दाखवा. आणि संविधान सभेबाबत दोन्हीकडचे प्रवक्ते अर्धंच सांगतात. १९४६ ला ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली, मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून, मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने आले. एका बाजूला पहिला भाग आवडतो, दुसऱ्या बाजूला शेवटचा.

निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल संकेतस्थळावर आहेत. शोधताना दोन गोष्टी: पहिली निवडणूक १९५२ खाली सापडणार नाही, ती १९५१ म्हणून लावलेली आहे. आणि १९५७ ची विधानसभा ‘महाराष्ट्र’ खाली नाही, ‘मुंबई’ खाली आहे, तीही ३९६ जागांची, कारण गुजरात त्यात होतं.

---

उद्देशिका

चौथा आणि सहावा.

‘घटनेत कधी’ आणि ‘उद्देशिकेत कधी’ हे वेगळे प्रश्न आहेत. उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ ४२ व्या दुरुस्तीने आले. राष्ट्रपतींची संमती १८ डिसेंबर १९७६, अंमल ३ जानेवारी १९७७ पासून. १९७६ आणि १९७७ दोन्ही उत्तरं येणार, तेव्हा ‘कोणत्या दुरुस्तीने’ असं विचारा. इंग्रजी मसुद्यात ‘सेक्युलर’ हा शब्द मात्र पहिल्या दिवसापासून आहे, अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या खंडात, धार्मिक आचाराशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय वगैरे व्यवहारांबद्दल. वकील मंडळी पॅनेलवर असली तर हा बाण येतोच. के. टी. शहांनी १५ नोव्हेंबर १९४८ ला अनुच्छेद १ मध्ये धर्मनिरपेक्ष, संघीय, समाजवादी हे शब्द घालायची सूचना आणली होती, ती फेटाळली गेली. बाबासाहेबांचं त्यावरचं उत्तर संविधान सभेच्या वृत्तान्तात त्या तारखेला पूर्ण मिळतं. फॉरवर्डमध्ये फिरतं ते त्यातलं एक वाक्य असतं, मागचंपुढचं कापलेलं. तारीख हाताशी असेल तर दोन मिनिटांत सापडतं, नसेल तर रात्र जाते.

आणीबाणी: अनुच्छेद ३५२ खाली तीन वेळा. २६ ऑक्टोबर १९६२, ३ डिसेंबर १९७१, २५ जून १९७५. १९६५ मोजणारे हटकून भेटतात. पण १९६२ ची आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत उठलीच नव्हती, त्यामुळे ६५ चं युद्ध तिच्यातच झालं, नवी घोषणा लागली नाही. तसंच ७१ ची चालू असतानाच ७५ ची आली, म्हणजे पावणेदोन वर्षं दोन आणीबाण्या एकावर एक होत्या. ‘२५ की २६ जून’ यावर वेळ घालवू नका: सही २५ च्या रात्री, देशाला रेडिओवरून कळलं २६ च्या सकाळी.

राजपत्र_वाचकांनी सोडलेला धागा: ४२ व्या दुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदत सहा वर्षं केली. १९७२ ची विधानसभा म्हणून १९७८ पर्यंत चालली. ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच केली.

---

शके_१५५१

सातवा प्रश्न तारखेचा ठेवायचाच असेल तर ‘राज्य शासनाने मान्य केलेली’ असं लिहा. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वैशाख शुद्ध २, शके १५४९ (एप्रिल १६२७) ही जुनी मांडणीही पॅनेलवर अजून ऐकू येते. तो वाद क्विझमध्ये सुटणार नाही.

मोजणी मात्र शिकून घ्या. शकावरून इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणून फाल्गुन १५५१ चं १६३० होतं, आणि राज्याभिषेकाचं ज्येष्ठ १५९६ चं १६७४. फाल्गुनाला ७८ लावले की एक वर्ष चुकतं. फॉरवर्डमधल्या कित्येक ‘नव्या’ तारखा अशाच जन्मलेल्या असतात.

दुसरं, १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्युलियन गणनेतली तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेत ती १ मार्च १६३० येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तशीच, नवी १६ जून. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा. मोबाइलमधली तिथी-बदल अॅप्स कुठली गणना वापरतात ते सांगत नाहीत, म्हणून कुणी दहा दिवस पुढची तारीख घेऊन आला की त्याला खोटं ठरवायच्या आधी गणना विचारा.

समकालीन कागदांत हे आणखी गुंतलेलं आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं जुन्या गणनेत, गोव्यातले पोर्तुगीज कागद नव्या गणनेत. एकाच घटनेची बातमी दोन्हीकडे दहा दिवसांच्या अंतराने दिसते आणि लोक तिच्या दोन घटना करतात. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण वखारीच्या पत्रावर साल १६६३ दिसेल. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये गणना बदलली, २ तारखेनंतर थेट १४. त्यामुळे १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताला यातलं काहीच लावू नका.

---

नऊची_पट्टी (धागाकर्ता)

राजपत्र_वाचक, दोन_मतं, शके_१५५१, तिघांचेही आभार. गुणांचं आणि हुतात्म्यांचं राहिलं. आणि ‘ही जागा आमच्या घराण्याकडे पन्नास वर्षं’ छापाचे दावे कसे तपासायचे?

---

राजपत्र_वाचक

हुतात्म्यांचा आकडा विचारूच नका. १०५, १०६, १०७ असे तिन्ही आकडे छापलेले सापडतात. तो विषय गुणांसाठी भांडायचाही नाही. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा, ती तारीख विचारा.

घराण्याच्या जागांसाठी मतदारसंघाचं नाव बघू नका, सीमा बघा. २००४ पर्यंतच्या निवडणुका सत्तरच्या दशकातल्या पुनर्रचनेवर झाल्या, २००९ पासून नवी. लोकसभेचे कराड, खेड, इचलकरंजी, पंढरपूर, राजापूर, कुलाबा २००९ ला नाहीसे झाले. शिरूर, माढा, मावळ, पालघर ही नावं तेव्हा आली. नाव तेच राहिलं तिथेही तालुके इकडचे तिकडे गेले. ‘सलग’ म्हणायचं तर २००९ च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं मोजा आणि मधल्या पोटनिवडणुकाही धरा. आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात, नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

गुण: पूर्ण बरोबर दोन, बरोबर पण मोजपट्टी न सांगता एक, चूक शून्य. उत्तराला आव्हान द्यायला दहा मिनिटं, आणि आव्हान देणाऱ्याने मूळ कागदाचं पान दाखवायचं. राजपत्र, आयोगाचा अहवाल किंवा सभागृहाचा वृत्तान्त चालेल. वर्तमानपत्राचं कात्रण घटनेच्या दुसऱ्या दिवसाचं असेल तर चालेल, पन्नाशीच्या पुरवणीतलं नाही.

---

म्यूट_बटण

विकिपीडियाचं पान पुरावा म्हणून धरू नका, पण त्याच्या तळटिपेतला मूळ दुवा उघडून दाखवला तर धरा. आणि चर्चा चालू असताना पानाचा इतिहास बघायला विसरू नका. पॅनेलवर दावा झाला की अर्ध्या तासात पान बदलल्याचं दिसू शकतं, म्हणून आवृत्ती त्या दिवशीच्या संध्याकाळच्या आधीची घ्या.